पोराला किती वेळ द्यायचा?

ईरी सरोवराच्या काठावरच्या बफलो शहरात २०१८ च्या हिवाळ्यात एक आकडा लहानथोरांना पाठ झाला होता : ५२.८. बफलो बिल्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा नवा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याच्या पहिल्या मोसमातली ही अचूक पासांची टक्केवारी. त्यानं फेकलेल्या दर शंभर चेंडूंपैकी सत्तेचाळीस जमिनीवर पडत होते, नाहीतर प्रतिस्पर्ध्याच्या हातात जात होते. दहा टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, आणि बारा इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं हवेतच पकडलेले. पोरगा बावीस वर्षांचा, साडेसहा फुटांच्या आसपास उंच, आणि हातात अशी ताकद की साठ यार्डांवरचा गडीसुद्धा त्याला लांब वाटू नये. फक्त चेंडू कुठं जाईल याचा भरवसा नव्हता.

शहरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं साधं होतं : पोरगा कच्चा आहे, चुकणारच, चुकू द्या, दोन-तीन वर्षांनी बघा. दुसऱ्या तटाकडं आकडेवारी होती. कॉलेजात असतानाही ॲलनची टक्केवारी छप्पन्नच्या आसपासच होती. हात जन्मजात असतो, वेग कमावता येतो, पण अचूकपणा शिकवून येत नाही, हा या खेळातल्या जाणकारांचा जुना सिद्धांत, आणि तो त्यांनी छातीठोकपणे मांडला. रेडिओवरच्या गप्पांत, बारमध्ये, स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून मांस भाजताना, घरच्या जेवणाच्या टेबलावर हाच विषय.

पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. ॲलन २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणून पहिला तट जिंकला असं बरेच जण मानतात. मला तसं वाटत नाही. दोन्ही तट एकट्या पोराकडं बघत होते. त्याच्यात ते आहे की नाही, एवढाच त्यांचा वाद होता. जिच्यामुळं निकाल लागला, ती गोष्ट पोराच्या आजूबाजूला घडत होती, आणि तिच्याबद्दल फार थोडे लोक बोलत होते.

आपल्यातले पुष्कळ आईवडील मुलांकडं अमेरिकेत सहा-सहा महिने राहून येतात. रविवारी दुपारी घरात टीव्हीवर हेल्मेटधारी माणसं एकमेकांवर आदळताना बघून दोन दिवसांत कंटाळतात. त्यांच्यासाठी आणि बाकीच्या वाचकांसाठी खेळाचा गाभा थोडक्यात सांगायला हवा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडं, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकला तर नवे चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक प्रयत्न क्वार्टरबॅकपासून सुरू होतो. हेल्मेटमधल्या रेडिओवर प्रशिक्षक त्याला डाव सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मग तो एकटा. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत, त्यातले कोण खरंच धावून येणार आणि कोण नुसती हूल देतंय हे ओळखायचं, गरज पडली तर डाव बदलायचा. चेंडू हातात आला की त्याला अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात दीड-दीडशे किलोचे गडी त्याच्या दिशेनं येत असतात आणि त्याचे पाच सहकारी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, त्यांना थोपवून धरतात. त्या भिंतीआडून त्यानं धावत्या रिसीव्हरकडं चेंडू फेकायचा, तोही रिसीव्हर आत्ता आहे तिथं नव्हे, क्षणभरानं पोचेल तिथं.

कॉलेजात हे सगळं जमवणारा मुलगा व्यावसायिक मैदानात आला की गडबडतो. बचाव करणारे इथं वेगवान असतात आणि मुद्दाम खोटं चित्र दाखवतात. म्हणून पहिलं वर्ष जवळपास सगळ्यांनाच जड जातं. पेटन मॅनिंगनं १९९८ मध्ये पहिल्या वर्षी अठ्ठावीस इंटरसेप्शन दिले. नवख्या खेळाडूचा तो नकोसा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. ट्रॉय एकमन १९८९ मध्ये डॅलसकडून अकरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि अकराही हरला. दोघंही पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेले. चुकू द्या म्हणणाऱ्यांच्या तोंडी ही दोन नावं कायम असतात. आधी बाकावर बसवा म्हणणारे ॲरन रॉजर्सचं नाव घेतात : तीन वर्षं तो ब्रेट फार्व्हमागं बसून राहिला, मग मैदान गाजवलं. पॅट्रिक महोम्सलाही कॅन्सस सिटीनं पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागं ठेवलं होतं.

महोम्सचं नाव बफलोत निघालं की आवाज आपोआप खाली येतो. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी क्रमानं निवडण्याच्या सोहळ्यात, दहावी निवड बफलोची होती. ती त्यांनी कॅन्सस सिटीला विकली, आणि कॅन्सस सिटीनं तिच्यावर महोम्सला घेतलं.

या शहराची भूक समजल्याशिवाय ॲलनवरचा वाद समजणार नाही. ईरी कालव्याच्या आणि पोलादाच्या जोरावर वाढलेलं हे गाव १९५० मध्ये पावणेसहा लाखांच्या वर होतं. २०२० च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या थोडं पुढं. शेजारच्या लॅकवाना इथला बेथलहेम स्टीलचा अवाढव्य कारखाना १९८३ मध्ये जवळजवळ पुरता थंडावला. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या गिरणगावात आपण जे पाहिलं, तेच तिथं घडलं : माणसं निघून गेली, राहिलेल्यांनी जे उरलं ते घट्ट धरलं. उरलेल्यांत बिल्स होते. सरोवरावरून येणारा बर्फ एका रात्रीत कमरेपर्यंत साचतो. अशा वेळी संघ हाक देतो आणि तासावर मजुरी घेऊन स्टेडियममधला बर्फ उपसायला गावातली माणसं फावडी घेऊन हजर होतात.

संघानं त्यांना दिलं काय? जिम केली या क्वार्टरबॅकच्या काळात सलग चार सुपर बोल अंतिम सामने, १९९१ ते १९९४ च्या चार जानेवारींत, आणि चारही पराभव. त्यातला पहिला तर २०-१९ असा. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवूडची सत्तेचाळीस यार्डांवरची किक उजव्या खांबाबाहेरून गेली. केली १९९६ च्या मोसमानंतर निवृत्त झाला. २००० पासून २०१६ पर्यंत सलग सतरा मोसम संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीपर्यंतसुद्धा पोचला नाही. त्या काळात क्वार्टरबॅक येत गेले आणि जात गेले : २००४ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला जे. पी. लॉसमन, मग ट्रेंट एडवर्ड्स, हार्वर्डमधून आलेला रायन फिट्झपॅट्रिक, २०१३ चा ई. जे. मॅन्युएल, टायरॉड टेलर. प्रत्येक नव्या पोरावर शहरानं जीव लावला आणि प्रत्येक वेळी हात पोळून घेतले. वेळ द्या म्हणणारा माणूस बफलोत भाबडा वाटायचा, त्याला हे कारण होतं.

३१ डिसेंबर २०१७ ला दुष्काळ संपला, तोही दुसऱ्याच्या कृपेनं. सिनसिनाटीच्या अँडी डाल्टननं बाल्टिमोरविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन पास दिला आणि त्या निकालामुळं बफलो प्लेऑफमध्ये गेलं. बिल्सच्या चाहत्यांनी डाल्टनच्या धर्मादाय संस्थेकडं सतरा-सतरा डॉलरच्या देणग्यांचा पाऊस पाडला. सतरा वर्षांच्या वाट पाहण्याचे सतरा डॉलर.

चारच महिन्यांनी ड्राफ्ट आला. २०१८ च्या त्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले : क्लीव्हलंडनं पहिल्या क्रमांकावर बेकर मेफिल्ड, न्यूयॉर्क जेट्सनं तिसऱ्यावर सॅम डार्नल्ड, बफलोनं सातव्यावर जॉश ॲलन, ॲरिझोनानं दहाव्यावर जॉश रोझन आणि बाल्टिमोरनं बत्तिसाव्यावर लमार जॅक्सन. एका वर्षाची पाच मुलं, पाच शहरं. पोराला वेळ द्यायचा की नाही, या वादासाठी यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

ॲलन हा पाचांतला सगळ्यांत आडवाटेचा. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावात वाढलेला शेतकऱ्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठानं त्याला बोलावलं नाही. रीडली इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला, देशभरातल्या प्रशिक्षकांना शेकड्यांनी ईमेल पाठवले, शेवटी वायोमिंग विद्यापीठानं घेतलं. बफलोनं त्याच्यासाठी बराच सौदा केला. आधी डावा टॅकल कॉर्डी ग्लेन सिनसिनाटीला देऊन एकविसाव्या क्रमांकावरून बाराव्यावर उडी, मग दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी टँपाला देऊन सातव्यावर. म्हणजे पोराला आणण्यासाठी त्याच्याच संरक्षक भिंतीतला एक मोठा दगड काढला गेला. त्याच सुमारास सेंटर एरिक वुड मानेच्या दुखापतीनं निवृत्त झाला, गार्ड रिची इनकॉग्निटोही गेला. भिंतीतल्या पाचांतले तीन गेले.

तो मोसम आठवला की बफलोचे लोक अजून डोक्याला हात लावतात. पहिल्या सामन्यात नेथन पीटरमन उतरला आणि बाल्टिमोरनं ४७-३ असा धुव्वा उडवला. दुसऱ्या सामन्यात ॲलनला सुरुवातीपासून खेळवलं. त्या दिवशी मध्यंतरात बिल्सचा अनुभवी बचावपटू व्हॉन्टे डेव्हिस कपडे बदलून चक्क निवृत्त झाला. अशा संघात बावीस वर्षांचा मुलगा उभा होता. पुढच्याच आठवड्यात त्यानं मिनेसोटाला त्यांच्या मैदानावर २७-६ नं हरवलं आणि जवळपास साडेसहा फुटी अँथनी बारच्या डोक्यावरून उडी मारून पळाला. मग कोपर दुखावलं, चार सामने बाहेर. परतल्यावर पुन्हा तेच : एक थरारक पळ, दोन भलतेच पास.

पाचांच्या पहिल्या वर्षाचे आकडे शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. मेफिल्ड ६३.८ टक्के, आणि सत्तावीस टचडाउन पास, जो तोवरचा नवख्यांचा विक्रम होता. जॅक्सन ५८.२. डार्नल्ड ५७.७. रोझन ५५.२. ॲलन तळाला. त्या डिसेंबरात पाचांतला कोण टिकणार असं विचारलं असतं, तर ॲलनचं नाव शेवटी आलं असतं, आणि तसं सांगणाऱ्याला मूर्ख म्हणता आलं नसतं.

मग बफलोनं काय केलं? व्यवस्थापक ब्रँडन बीन आणि मुख्य प्रशिक्षक शॉन मॅकडर्मॉट यांनी वर्षभर पोराचं तोंडभरून कौतुक केलं असतं आणि बाकी काही केलं नसतं, तर निकाल वेगळा लागला असता असं मला ठामपणे वाटतं. त्यांनी २०१९ च्या वसंतात भिंत नव्यानं बांधायला घेतली. कॅन्सस सिटीहून मिच मोर्स हा सेंटर आणला. वेगवान जॉन ब्राउन आणि कमी अंतरावर हमखास मोकळा होणारा कोल बीझली असे दोन रिसीव्हर घेतले. बीझलीसारखा गडी नवख्याला फार उपयोगी. समोरून माणसं धावून आली की लांबचं न बघता सात-आठ यार्डांवर त्याच्याकडं चेंडू द्यायचा आणि पुढचा डाव खेळायचा. घाईत साठ यार्डांचा नेम धरण्याची सवय अशीच सुटते.

दुसऱ्या वर्षी टक्केवारी ५८.८ झाली, संघ प्लेऑफमध्ये गेला. ४ जानेवारी २०२० ला ह्यूस्टनमध्ये बिल्स १६-० नं पुढं होते. पहिल्या टचडाउनचा पास तर जॉन ब्राउननं फेकला होता आणि ॲलननं झेलला होता. तिथून सामना निसटला. शेवटच्या काही मिनिटांत ॲलन मोकाट सुटल्यासारखा खेळला : अंगावर माणसं लटकलेली असताना चेंडू मागं सहकाऱ्याकडं भिरकावला, कधी पंधरा-वीस यार्ड मागं जाऊन पकडला गेला. जादा वेळेत २२-१९ नं हार. त्या रात्रीनंतर वाद पेटला तो आधी कधीच पेटला नव्हता. शंका घेणाऱ्यांना वाटलं, दोन वर्षं झाली, हेच याचं खरं रूप. पाठीराख्यांचा मुद्दा असा की एकहाती सामना ओढण्याची हिंमत आहे, तिला शिस्त लावता येईल. शंका घेणाऱ्यांचा मला राग येत नाही. सतरा वर्षं फसवणूक झालेल्या माणसानं पुरावा मागणं हा त्याचा हक्क आहे.

पुरावा त्याच वर्षी आला. मार्चमध्ये बीननं पहिल्या फेरीची निवड आणि आणखी काही देऊन मिनेसोटाकडून स्टेफन डिग्जला आणलं. उन्हाळ्यात ॲलननं क्वार्टरबॅकांचे खासगी प्रशिक्षक जॉर्डन पामर यांच्याबरोबर आपल्या फेकीची मोडतोड करून ती पुन्हा जुळवली. शरीराच्या हालचाली मोजून पुढचा पाय कुठं पडतो, कंबर कधी फिरते, खांदा तिच्या पुढं धावतो का, हे सगळं तपासलं. चेंडू भरकटतो तो बहुतेकदा हातामुळं नव्हे, पायामुळं, हे त्या कामातून त्याच्या अंगी उतरलं. आणि आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल तिसऱ्या वर्षीही तेच होते. २०१८ ते २०२१ अशी सलग चार वर्षं त्यांनीच ॲलनला डाव सांगितले. भाषा तीच, खुणा त्याच, रागावणारा आवाजही तोच. त्या मोसमात ॲलनची टक्केवारी ६९.२ झाली. सदतीस टचडाउन, साडेचार हजारांवर यार्ड, संघ १३-३, म्हणजे तेरा विजय आणि तीन पराभव. डिग्जनं १२७ झेल घेतले, लीगमध्ये सर्वाधिक. अचूकपणा शिकवता येत नाही हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी त्यानंतर आपली गणितं उघडपणे पुन्हा तपासली, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं.

त्याच मोसमातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. नोव्हेंबरात ॲलनची आजी पॅट्रिशिया वारली. दुसऱ्या दिवशी सामना होता. तो खेळला, ४१५ यार्ड फेकले, सिॲटलला हरवलं, आणि मग बातमी बाहेर आली. चाहत्यांनी बफलोच्या ओइशाय बालरुग्णालयाला तिच्या नावानं देणग्या पाठवायला सुरुवात केली, पुन्हा सतरा-सतरा डॉलरच्या, कारण ॲलनच्या पाठीवरचा क्रमांक सतरा. रक्कम दहा लाख डॉलरच्या पुढं गेली आणि रुग्णालयातल्या एका विभागाला तिचं नाव दिलं गेलं. दोन वर्षांपूर्वी याच लोकांतले पुष्कळ जण त्याला बाकावर बसवा म्हणत होते.

आता बाकीचे चौघं. पहिल्या क्रमांकाच्या मेफिल्डला क्लीव्हलंडमध्ये पहिल्या तीन मोसमांत चार वेगवेगळे मुख्य प्रशिक्षक लाभले : ह्यू जॅक्सन, त्यांना मोसमाच्या मध्यात काढल्यावर ग्रेग विल्यम्स, मग फ्रेडी किचन्स, मग केव्हिन स्टेफान्स्की. तिसऱ्या वर्षी घडी बसली, पिट्सबर्गला प्लेऑफमध्ये हरवलं, पण पुढच्या वर्षी दुखऱ्या खांद्यानं खेळला आणि संघानं डिशॉन वॉटसनला आणून त्याला वाटेला लावलं. कॅरोलायना, लॉस एंजेलिस असं फिरून तो टँपाला स्थिरावला आणि २०२४ मध्ये त्यानं एकेचाळीस टचडाउन पास दिले.

डार्नल्डची कहाणी मला जास्त लागते. जेट्सकडं दुबळी लाइन, दुसऱ्याच वर्षी नवा प्रशिक्षक, त्यात आजारपण. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ३३-० नं हरताना त्यानं चार इंटरसेप्शन दिले. त्या रात्री त्याच्या अंगावर वाहिनीचा माइक होता, आणि मला भुतं दिसतायत, असं तो बाकावर पुटपुटला ते साऱ्या देशानं ऐकलं. खेळातल्या परिभाषेत त्याचा अर्थ एवढाच की नसलेली माणसं अंगावर येताना भासतायत. सतत मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकला ते होतंच. पण चाहत्यांनी त्याची वर्षानुवर्षं टर उडवली. २०२१ मध्ये जेट्सनं त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं. तो तिथं पडला, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव म्हणून एक वर्ष बसला, शिकला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला १४-३ पर्यंत घेऊन गेला. तरी मिनेसोटानं त्याला ठेवलं नाही. त्यांच्याकडं आदल्या ड्राफ्टमधला नवा मुलगा तयार होता. डार्नल्ड सिॲटलला गेला, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सिॲटलनं न्यू इंग्लंडलाच २९-१३ नं हरवून सुपर बोल जिंकला. पाचांपैकी सुपर बोल जिंकणारा पहिला क्वार्टरबॅक डार्नल्ड. ॲलन त्या सामन्यापर्यंत अजून एकदाही पोचलेला नाही. चार वेळा प्लेऑफमध्ये त्याची वाट कॅन्सस सिटीनं अडवली, म्हणजे बफलोनं विकलेल्या निवडीवर घेतलेल्या महोम्सनं.

लमार जॅक्सनच्या बाबतीत प्रश्नच वेगळा विचारला गेला. कॉलेजमधला सर्वोच्च, हाइसमन चषक जिंकलेल्या या कृष्णवर्णीय मुलानं क्वार्टरबॅक न होता रिसीव्हर व्हावं, असं ड्राफ्टच्या आधी जाहीर सांगणाऱ्यांत बिल पोलियन होते. बफलोचा नव्वदच्या दशकातला चार सुपर बोलवाला संघ बांधणारे हेच ते. पुढं त्यांनी आपलं चुकल्याचं मान्य केलं. जॅक्सन २०१९ मध्ये एकमतानं सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि २०२३ मध्ये पुन्हा ठरला. पण हा सल्ला कुणा एकाच्या डोक्यातून आला नव्हता. १९६८ मध्ये डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को क्वार्टरबॅक म्हणून चमकला, चौदा टचडाउन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी झगडायची संधीही मिळाली नाही. तो बफलोत आला आणि तिथं त्याचा रिसीव्हर झाला. त्याच १९६९ मध्ये बफलोनं जेम्स हॅरिस या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला मोसमाच्या पहिल्याच सामन्यात उतरवलं होतं. वॉरन मूनला १९७८ मध्ये एनएफएलनं, म्हणजे याच व्यावसायिक लीगनं, दार उघडलं नाही, म्हणून तो कॅनडात खेळायला गेला. पोराला वेळ द्या, हे वाक्य सगळ्या पोरांसाठी सारख्या आवाजात कधी म्हटलं गेलेलं नाही. ५२.८ टक्क्यांवर ॲलनला जे आणि जेवढं मिळालं ते एखाद्या कृष्णवर्णीय मुलाला मिळालं असतं का, हा प्रश्न अमेरिकेत अनेकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. ड्राफ्टच्या आदल्या रात्री ॲलनच्या शाळकरी वयातली वर्णद्वेषी शब्दांची ट्वीट बाहेर आली होती. त्यानं माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवशी सातव्या क्रमांकावर त्याची निवड झाली.

संघांना घाई का असते, याला पैशाचंही कारण आहे आणि चाहत्यांच्या वादात ते क्वचित येतं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा होता, त्यात पाच कोटी डॉलरची हमी होती. पुढच्याच वर्षी खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात नवा करार झाला, आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी एकूण सुमारे सव्वादोन कोटी मिळाले. नवखा क्वार्टरबॅक अचानक स्वस्त झाला. त्याच्या स्वस्ताईच्या चार-पाच वर्षांतच बाकीचा संघ महागडा करून जिंकायचं, हे गणित सर्वत्र पसरलं. म्हणून पोराला पहिल्या दिवसापासून उतरवायचं, आणि तिसऱ्या वर्षी उत्तर मिळालं नाही तर नवा स्वस्त पोरगा शोधायचा. पूर्वी महागडी चूक लपवण्यासाठी तरी संघ थांबत असत. ॲलनला ऑगस्ट २०२१ मध्ये सहा वर्षांचा २५ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला, तो तिसरं वर्ष तसं गेलं म्हणूनच.

हा वाद आपल्याला परका नाही. रोहित शर्मा २००७ मध्ये भारताकडून खेळू लागला आणि पुढची पाच-सहा वर्षं बोरिवलीपासून नागपुरापर्यंत त्याच्या टॅलेंटवर तावातावानं बोललं गेलं. २०११ च्या विश्वचषकाच्या संघात तो नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला सलामीला पाठवलं, आणि त्याच वर्षी बंगळुरूला त्यानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९ केल्या. मधल्या फळीतला रोहित आणि सलामीचा रोहित यांत फलंदाज तोच होता. जागा बदलली होती, आणि त्या जागेवर त्याला कायम ठेवण्याचा निर्णय कर्णधारानं घेतला होता. आपल्या चर्चेत तरीही टॅलेंट हाच शब्द उरला. कर्णधाराचा निर्णय तळटीपेत गेला.

अमेरिकेतही ॲलनच्या यशातून बऱ्याच संघांनी अर्धाच धडा घेतला. उंच, ताकदवान, कच्चा मुलगा दिसला की हा पुढचा जॉश ॲलन असं म्हणत त्याला वरच्या क्रमांकावर उचलायचं. २०२३ मध्ये इंडियानापोलिसनं चौथ्या क्रमांकावर अँथनी रिचर्डसनला घेतलं, तेव्हा कॉलेजात तो तेराच सामने सुरुवातीपासून खेळलेला होता. पहिल्या वर्षी खांदा गेला. दुसऱ्या वर्षी टक्केवारी ४७.७, आणि ह्यूस्टनविरुद्ध दमल्यामुळं एका डावापुरता तो स्वतःहून बाहेर आला, तेव्हा साऱ्या देशानं त्याला फाडून खाल्लं. नंतर त्याची जागाही गेली. कॅरोलायनानं त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या ब्राइस यंगला दुसऱ्या मोसमात दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं. राखीव अँडी डाल्टनला मोटार अपघातात दुखापत झाली म्हणून यंग परत मैदानात आला, आणि परतल्यावर सुधारलेला दिसला. धोरण कुणाचंच नव्हतं. अपघातानं संधी मिळाली.

ॲलनचं शिक्षणही तिसऱ्या वर्षी संपलं नाही, हे त्याच्या भक्तांनी विसरू नये. २०२३ मध्ये त्यानं अठरा इंटरसेप्शन दिले. बफलोत जुना वाद जुन्याच शब्दांत उफाळला. मोसमाच्या मध्यात आक्रमणाचे प्रशिक्षक केन डॉर्सी यांना काढून जो ब्रेडी यांच्याकडं सूत्रं दिली गेली. पुढच्या वर्षी डिग्जही संघात नव्हता, पण आता भिंत अशी होती की संपूर्ण मोसमात ॲलन फक्त चौदा वेळा चेंडूसह खाली पाडला गेला. इंटरसेप्शन सहा. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच वर्षीचा.

राहिला पाचवा. जॉश रोझन ड्राफ्टच्या रात्री म्हणाला होता की माझ्या आधीच्या नऊ निवडी म्हणजे नऊ चुका. उर्मट वाटलं, पण ॲरिझोनाच्या चाहत्यांना ते आवडलं होतं. ॲरिझोनानं त्याच्यापुढं इतकी तकलादू लाइन उभी केली की पहिल्या वर्षी तो पंचेचाळीस वेळा खाली पाडला गेला. आक्रमणाचे प्रशिक्षक ऑक्टोबरातच काढले गेले, मुख्य प्रशिक्षक मोसम संपताच. एप्रिल २०१९ मध्ये संघानं पहिल्या क्रमांकावर कायलर मरीला घेतलं आणि रोझनला मायामीला पाठवून दिलं. पहिल्या वर्षी त्याची टक्केवारी ॲलनपेक्षा जास्त होती. ॲलनला पहिल्या चार वर्षांत एक मुख्य प्रशिक्षक आणि डाव सांगणारा एकच आवाज मिळाला. रोझननं तेवढ्या काळात ॲरिझोना, मायामी, टँपा, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा असे पाच संघ पाहिले. तो चांगला क्वार्टरबॅक झाला असता असं मी म्हणणार नाही. कदाचित झाला नसता. त्यानं अटलांटाकडून २०२१ च्या मोसमात अकरा पास फेकले, दोन पोचले, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. त्यानंतर एनएफएलच्या सामन्यात त्यानं एकही पास फेकलेला नाही.